बोट अचानक जांभळं पडलं, आणि ह्या दवाखान्यात ते पहिल्यांदा कोणीतरी नीट बघितलं

पाचपैकी पाच स्टार. रिव्ह्यू मोठा होणार आहे, पण ज्या बाईचं बोट उद्या असंच निळं पडेल तिला तो उपयोगी पडावा म्हणून सगळं लिहितेय, वेळ असेल तर पूर्ण वाचा.

मी ५८ वर्षांची, देवगड तालुक्यात राहते, घरी आमसुलं, आगळ, फणसाचे तळलेले गरे असं करून विकते. म्हणजे माझं सगळं हातावर आहे. मे महिन्याच्या शेवटाला, आगोटीची घाई चाललेली, पाऊस कधी येईल सांगता येत नाही आणि पडवीत रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, ढीग पडलेला. सकाळपासून फोडत बसलेले, एक फोडायचा, बिया-गर एका टोपात, साल दुसऱ्यात. अकराच्या सुमाराला उजव्या हाताच्या मधल्या बोटात, तळव्याच्या बाजूला, मुळापाशी, एकदम खसकन सुई घुसावी तसं झालं. आणि मग आग. गरम तेलाचा थेंब उडाला की कसं होतं तशी, पण आतून. मी हात झटकला, बघितलं, काहीच नाही. ना काटा, ना रक्त. परत कामाला लागले तर दहा मिनिटांत बोट वाकेना, पेरं फुगलेलं आणि रंग बदललेला. आता रातांब्यात हात घातल्यावर बोटं लालच होतात सगळ्यांची, म्हणून मला वाटलं कोकमाचा रंग चढला. लिंबू चोळलं, साबण लावला, बाकीची बोटं साफ झाली आणि हे एक तसंच, उलट अजून गडद, पिकल्या जांभळासारखं. रंग कातडीच्या वर नव्हताच, खाली होता. आणि एक गोष्ट तेव्हाच माझ्या डोळ्यात भरली की बोटाचं टोक अगदी नेहमीसारखं होतं, नखही गुलाबी, जांभळं फक्त खालची दोन पेरं, तीही आतल्या बाजूने. वरून हात बघितला तर जवळपास काही कळत नव्हतं.

शेजारची वैनी आली, बोट बघून तिचा चेहराच उतरला. "फुरसां चावला आसतला गो, सकाळी लाकडां काढलंस मां खोपीतली." आणि खरंच काढली होती. गडग्याला लागून लाकडं रचलेली, आमच्याकडे कातळावर, गडग्यात, लाकडाच्या ढिगात फुरसं हा साप असतोच, हातभर पण नसतो पण त्याचं विष रक्त गोठूच देत नाही हे कोकणात पोरालाही माहीत आहे. आता लाकडं काढली सातला आणि बोट दुखलं अकराला, चार तास मला कळलंच नसतं का, पण त्या वेळी कोण असा विचार करतंय. आमचे हे रिक्षा बोलवायला धावले. मुलाला डोंबिवलीला व्हिडिओ कॉल लागला, तो तिकडून "आई हात दाखव, आई हलू नको" करतोय.

ह्याच्या आधीचं सांगायला हवं नाहीतर हा दवाखाना मला का आवडला ते कळणार नाही. गेल्या दिवाळीच्या आधी असंच झालं होतं, तेव्हा तर्जनी होती. बाजारातून भाजीची जड पिशवी आणली, पिशवीचे बंद बोटांवर, घरी येऊन पिशवी ठेवली आणि तीच आग, तोच रंग. तेव्हा आम्ही घाबरून सरळ शहरात एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो, नाव घेत नाही. तिथे "बोटाचा रक्तपुरवठा बंद झाला असेल, बोट जाऊ शकतं" असं दारातच ऐकवलं. ॲडमिट, सलाईन, शिरांतलं रक्त वाहतंय का बघायची डॉप्लर, हृदयाची इको, रक्ताच्या पाच-सहा टेस्ट. सगळे रिपोर्ट नॉर्मल. दोन रात्री मी झोपले नाही, सारखी बोट हलवून बघत होते की अजून आहे ना. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज, कागदावर इंग्लिशमध्ये काहीतरी आणि पुढे प्रश्नचिन्ह, रक्त पातळ करायची एक गोळी रोज घ्यायला दिली, किती दिवस ते लिहिलं नाही. टेस्ट केल्या त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या करायलाच हव्या होत्या हे आता मला कळतं. तक्रार ही की मला काय झालं होतं हे एका माणसाने खुर्ची ओढून बसून सांगितलं नाही. बोट आठवड्यात आपोआप बरं झालं आणि भीती मात्र तशीच राहिली, सात महिने मी उजव्या हाताने पिशवी उचलली नाही.

म्हणून ह्या वेळी मीच ह्यांना म्हटलं आधी बाजारपेठेत डॉक्टर मॅडमकडे जाऊ, त्या सांगतील तर पुढे.

दवाखाना लहान आहे, दोन खोल्या, बाहेर पडवीत बाक. पंधरा-वीस माणसं होती पण कंपाउंडरने "साप असू शकतो" एवढं ऐकलं आणि नंबर-बिंबर न बघता आत घेतलं, बसलेल्यातला एकही माणूस बोलला नाही. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "काकी, चावलेलं तुम्ही बघितलं की लोक म्हणतायत?" मी म्हटलं लोक म्हणतायत. मग त्यांनी टेबलावरचा दिवा ओढला, भिंग घेतलं आणि माझं बोट सगळ्या बाजूंनी बघितलं, पेरांच्या घडीत, नखाच्या कडेला, दोन बोटांच्या मधल्या बेचक्यात. दाताची खूण कुठेच नाही. मग नख दाबलं, पांढरं झालं, सोडलं तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच गुलाबी. मग मनगटाची नाडी बघितली, दोन्ही हातांची. मग मला मूठ घट्ट आवळायला सांगितली आणि मनगटावर दोन्ही बाजूंनी स्वतःचे अंगठे दाबून धरले, म्हणाल्या आता मूठ उघडा. तळवा पिठासारखा पांढरा पडलेला. त्यांनी करंगळीकडचा अंगठा सोडला आणि माझ्या डोळ्यांदेखत तळव्यात लाली पसरत गेली, बोटांपर्यंत, त्या जांभळ्या बोटाच्या टोकापर्यंत. मग परत तसंच करून दुसऱ्या बाजूचा सोडला, तसंच. "बघितलंत काकी? रस्ते दोन्ही चालू आहेत. बोट गरम आहे, नाडी आहे. हे बोट कुठे जात नाही." गेल्या वर्षी दोन दिवसात जे कोणी दाखवलं नाही ते मी स्वतःच्या तळव्यावर बघितलं. मला तिथेच रडू आलं.

मग तोंड उघडायला लावून हिरड्या बघितल्या, साडी वर करून नडग्या बघितल्या कुठे अजून काळेनिळे डाग आहेत का, लघवी लाल झाली का, पाळी कधी गेली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, तंबाखू-मिशरी लावता का, थंड पाण्यात हात घातला की बोटं पांढरी पडतात का, सांधे सुजतात का, सगळं. मी गोळीचं सांगितलं तसा त्यांनी पेनाने गोल केला.

आणि एक गोष्ट त्यांनी केली ती मी मुद्दाम लिहितेय. ह्यांना म्हणाल्या "काका, जरा बाहेर थांबा, दोन मिनिटं." दार लोटलं आणि मला हळू विचारलं, "काकी, घरात कोणी हात पिरगळला, मारलं असं काही नाही ना? असेल तर मला सांगा, इथून बाहेर जाणार नाही." तसं काही नाही, आमचे हे माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. पण माझ्या मनात आलं, गावात अशी एखादी असेल जिला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा ह्या खोलीत कोणी विचारला असेल. काळंनिळं बोट घेऊन बाई आली तर हे विचारणं डॉक्टरचं काम आहे, आणि त्या ते करतात.

सापाची शंका मात्र त्यांनी तोंडी सोडली नाही. माझं थोडं रक्त काढलं, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घातलं, नळी स्टँडला उभी केली आणि घड्याळ लावलं, वीस मिनिटं. कोणी हात लावायचा नाही, हलवायची नाही. फुरशाचं विष भिनलं असेल तर वीस मिनिटांनी नळी तिरकी केली की रक्त पाण्यासारखं वाहतं, नसेल तर गोळा होऊन चिकटून बसतं. एवढी साधी टेस्ट, ना मशीन ना काही, काचेची नळी आणि घड्याळ. त्या वीस मिनिटांत त्यांनी बाहेरचे दोन पेशंट बघितले आणि मधे मधे येऊन माझ्या बोटाची सूज पेनाने खूण करून बघत होत्या वर चढतेय का. विंचवाचंही विचारलं मी, तर म्हणाल्या लाल विंचू असता तर घाम, उलट्या, हातपाय गार, असं सगळ्या अंगावर आलं असतं. मग महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं सांगितलं, विंचवावर प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची गोळी वापरून त्यांनी ह्याच कोकणात किती जीव वाचवले, २०२२ ला पद्मश्री मिळाली ते. "त्यांनी पण आधी पेशंटच्या उशाशी बसून बघितलंच ना," म्हणाल्या. ते मला फार पटलं.

वीस मिनिटं झाली. नळी तिरकी केली. रक्त हललं नाही, जेलीसारखं घट्ट. मी देवाचं नाव घेतलं.

मग त्यांनी विचारलं मागच्या वेळचा फोटो आहे का. मुलाला पाठवलेला व्हॉट्सअपवर सापडला, तर्जनी, आतली बाजू, टोक साफ. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, "काकी, हे तेच आहे. ह्याला नाव आहे." अखेनबाख सिंड्रोम. मी तीनदा म्हणवून घेतलं आणि केसपेपरच्या मागे मराठीत लिहून घेतलं. वॉल्टर अखेनबाख नावाच्या जर्मन डॉक्टरने १९५० च्या दशकात ह्याचं वर्णन केलं. बोटातली एखादी बारीक शीर आपोआप नाहीतर पिशवीचा बंद, घट्ट धरलेली सुरी एवढ्याशा दाबाने फुटते, रक्त कातडीखाली साचतं, म्हणून आधी कळ-आग आणि मागून सूज-रंग. ती शीर का फुटते ते नक्की कोणाला माहीत नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांना जास्त होतं, पुरुषांना कमी. बहुतेक वेळा तर्जनी नाहीतर मधलं बोट, तळव्याची बाजू, टोक आणि नख मात्र साफ. काही दिवसांत, फार तर पंधरवड्यात आपोआप जातं, औषध लागत नाही, बोटाला कायमचं काही होत नाही. आणि परत येऊ शकतं, महिन्यांनी, वर्षांनी. रक्त तपासलं तर सगळं नॉर्मल, डॉप्लर नॉर्मल. म्हणजे गेल्या वर्षीचे सगळे नॉर्मल रिपोर्ट हेच सांगत होते, फक्त ते वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. मॅडम त्या हॉस्पिटलला नावं ठेवायला तयार नव्हत्या हेही सांगते. म्हणाल्या हे क्वचित दिसतं, बऱ्याच डॉक्टरांच्या समोर कधी आलेलं नसतं, आणि निळं बोट दिसल्यावर आधी वाईटात वाईट धरून चालणंच बरोबर.

तरी त्यांनी "काही नाही, जा घरी" केलं नाही. प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि रक्त गोठण्याची टेस्ट लॅबला पाठवलीच, कारण गोळी चालू होती. त्या गोळीबद्दल तिथल्या तिथे त्या हॉस्पिटलला फोन लावला, हार्टसाठी दिली का विचारलं, इको आणि बीपी ठीक आहे, दुसरं कारण नाही हे पक्कं केलं आणि मग बंद करायला सांगितली. मला दोनदा बजावलं की ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, त्यांनी माझं ऐकून गोळी सोडायची नाही. तेच मी इथे लिहितेय, कोणी स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

आणि धावायचं कधी, ते त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं. बोट पांढरंफटक किंवा गार पडलं, बधिर झालं, नख दाबून सोडल्यावर रंग परत येत नाही, तर एक मिनिट थांबायचं नाही. टोकाला काळा ठिपका आला, विशेष करून तंबाखू-विडी ओढणाऱ्याला, तर दाखवायचं. अंगावर दुसरीकडे डाग, हिरड्यांतून नाहीतर लघवीतून रक्त, ताप, तर ते दुसरं काहीतरी आहे. थंडीत नाहीतर गार पाण्यात बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर तो वेगळा आजार, त्याची वेगळी तपासणी. शिंगाळा माशाचा काटा लागला, काहीतरी चावल्याचं बघितलं, तर हे नाव विसरायचं. आणि सापाची शंका असली तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हात न हलवता १०८ ला फोन. पहिल्यांदाच ज्याला असं होतंय त्याने स्वतःच "अखेनबाख" ठरवून घरी बसायचं नाही, एकदा कोणीतरी नाडी आणि रक्त बघितलंच पाहिजे. आमच्या वैनीनेही फुरसां म्हणून घाबरवलं नसतं तर मी कदाचित हळद लावून बसले असते, त्यामुळे तिचे उपकारच.

आता दवाखान्यातल्या कमी गोष्टी पण लिहिते. बाहेरचा बाक पावसात भिजतो, म्हातारी माणसं छत्री धरून बसलेली असतात, तिथे पत्रा वाढवायला पाहिजे. फोनवर नंबर लावून मिळत नाही, येऊनच बसावं लागतं, सोमवारी बाजाराच्या दिवशी दोन-अडीच तास सहज जातात. लॅब दुसरीकडे आहे, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. बायकांसाठी टॉयलेट मागच्या दाराने आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. नेटवर्क नसलं की फोनवरून पैसे जात नाहीत, सुट्टे घेऊन जा. माझे तपासणीचे दीडशे रुपये घेतले, नळीच्या टेस्टचे काहीच नाही, लॅबचे वेगळे. मागच्या वर्षीचं बिल किती झालं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो, पण ते असो.

रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. मॅडमनी पहिल्या दिवशी फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ ठेवायला आणि हात उशीवर उंच ठेवायला सांगितलं होतं, दुखणं रात्रीपर्यंत गेलं. जांभळा रंग दुसऱ्या दिवशी अजून पसरला, तेव्हा परत घाबरले असते पण त्यांनी तसं होईल म्हणून आधीच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी कडेने हिरवट-पिवळं, कच्च्या आंब्याच्या सालीसारखं, नवव्या दिवशी काही नाही. रातांबे तेवढे दिवस सूनबाईने आणि वैनीने फोडले, आमसुलांना रसाची सगळी पुटं वेळेत बसली. गावदेवीला गाऱ्हाणं मी घातलं, का घालू नये, पण दवाखान्यात जाऊन आल्यावर घातलं.

मॅडमनी माझी परवानगी घेऊन दोन्ही फोटो ठेवून घेतले, चेहरा-नाव काही नाही, फक्त बोटं. म्हणाल्या आशाताईंच्या मीटिंगमध्ये दाखवीन, म्हणजे वाडीवस्तीवर कोणाला झालं तर त्या घाबरवणार नाहीत आणि हयगयही करणार नाहीत. ह्याच्यासाठी मी खरं तर सहावा स्टार दिला असता.

गेल्या रविवारी परत आलं. नारळ खवताना, विळीवर, परत तर्जनी. तीच सुई, तीच आग. ह्या वेळी मी विळी बाजूला केली, नख दाबलं, सोडलं, गुलाबी झालं. बोट गालाला लावून बघितलं, गरम होतं. मुलाला फोटो पाठवला आणि लिहिलं की तेच आहे, कॉल करू नको, उशीवर हात ठेवून पडलेय. सोमवारी बाजाराची गर्दी म्हणून मंगळवारी जाऊन दाखवून आले, त्यांनी परत तसंच मनगट दाबून तळवा बघितला आणि फी घेतली नाही. दवाखाना सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते आठ, बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी बंद. एसटी स्टँडवरून चालत पाच मिनिटं, उतारावर जांभ्याच्या भिंतीचं घर.